ग्राफिक्स कार्ड आत्ता घ्यायचं की थांबायचं?

पहिलं काम म्हणजे आपलं कार्ड खरंच कमी पडतंय का ते बघा. गेम चालू ठेवून विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये जीपीयूचा (म्हणजे ग्राफिक्स कार्डाचा) आकडा बघायचा, तो ९५-१०० टक्क्यांवर असेल आणि तरी गेम अडकत असेल तर दोष कार्डाचा, पण आकडा ५०-६० वरच घुटमळत असेल (आणि एफपीएसवर, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम दिसतात त्यावर, लिमिट लावलेलं नसेल) तर बहुतेक प्रोसेसर किंवा रॅम कमी पडतेय, मग नवीन कार्ड घेऊन पैसे वायाच जाणार ना.

कार्डच कमी पडतंय आणि रोजचं काम अडतंय, म्हणजे व्हिडिओ एडिटिंग, ब्लेंडरसारखं थ्रीडी सॉफ्टवेअर वगैरे, तर थांबू नका, सरळ घ्या. नुसतं गेमिंग असेल तर तारखा बघा. एनव्हिडिया या कंपनीच्या कार्डांची नवी सिरीज साधारण दोन-सव्वादोन वर्षांनी येते, ३० सिरीज २०२० ला आली, ४० सिरीज २०२२ ला, ५० सिरीज जानेवारी २०२५ ला. नवीन यायला दोन-तीन महिनेच उरले असतील तर थांबा, वर्ष असेल तर उगाच थांबू नका, आणि भाव पडतीलच असंही धरून चालू नका, २०२१ मध्ये क्रिप्टो मायनिंगमुळे थांबलेल्यांना उलट जास्त मोजावे लागले होते.

माझं स्पष्ट मत, आज ८ जीबी मेमरीचं कार्ड घेताना दहादा विचार करा. पॉवर सप्लायचाही खर्च धरा, एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४०६० ला ५५० वॅट पुरतो पण ५०७० ला ६५० सांगतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडला सेकंडहँड घेत असाल तर अर्धा तास लोड देऊन (जड गेम वगैरे चालवून) बघा, पंख्याचा आवाज ऐका, आणि बिलावरचा सिरीयल नंबर कार्डावरच्या स्टिकरशी जुळवूनच पैसे द्या.