बिल हवे असेल तर मोबाइल नंबर द्यावाच लागतो का?

कपड्यांच्या किंवा बुटांच्या दुकानात पैसे देताना कर्मचारी मोबाइल नंबर विचारतो आणि ‘नंबराशिवाय सिस्टीम पुढेच जात नाही’ असे सांगतो, तेव्हा मागे थांबलेल्या रांगेच्या संकोचाने आपण तो देऊन टाकतो. पुढे महिनोन्‌महिने जाहिरातींचे संदेश येत राहतात. हा नंबर देणे बंधनकारक नाही. ग्राहकांच्या तक्रारींनंतर केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने मे 2023 मध्ये किरकोळ विक्रेत्यांना, नंबरासाठी आग्रह धरू नये, अशी सूचना दिली होती. शिवाय ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार विकलेल्या मालाचे बिल न देणे आणि ग्राहकाने विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती परस्पर दुसऱ्याला देणे, या दोन्ही गोष्टी अनुचित व्यापार प्रथेत मोडतात.

म्हणून शांतपणे ‘नंबर द्यायचा नाही, कागदी बिल द्या’ एवढेच सांगावे. काउंटरवरच्या कर्मचाऱ्याशी वाद घालू नये, कारण हा नियम त्याने केलेला नसतो, व्यवस्थापकाला बोलवावे. तरीही अडवणूक झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. वॉरंटीसाठी मात्र नंबराची नोंद खरोखरच उपयोगी पडू शकते, तिथे तो विचारपूर्वक द्यावा.