ठाण्याच्या वागळे इस्टेट औद्योगिक वसाहतीतल्या बंद कारखान्याचा माग कसा काढावा

१६ एप्रिल १८५३ ला पहिली गाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली आणि तिची इंजिनं विलायतेतल्या व्हल्कन फाउंड्रीची होती, हे पुस्तकांत सापडतं. पण रेल्वेला पिना, ब्रॅकेट, बिडाचे ठोकळे पुरवणाऱ्या आपल्याकडच्या छोट्या कारखान्यांबद्दल कोणी लिहून ठेवत नाही. ते काम आपल्यालाच करावं लागतं.

सुरुवात वस्तूपासून करा. ओतीव भागावर बहुधा उठावाची अक्षरं असतात. तारेचा ब्रश किंवा ग्राइंडर अजिबात लावू नका, घासून गेलेलं अक्षर परत येत नाही. मऊ ब्रशने माती झाडा, खोलीत अंधार करून टॉर्च बाजूने आडवा धरा आणि फोटो काढा. मग वर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासा. ‘जीआयपीआर’ उमटलं, तर ते कारखान्याचं नाव समजू नका. ती ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, म्हणजे मालाची मालक. १९५१ मध्ये ती मध्य रेल्वेत गेली, म्हणजे भाग बहुधा त्याआधीचा. ‘आरडीएसओ’ आणि पुढे ड्रॉइंग नंबर असेल तर भाग १९५७ नंतरचा, कारण रेल्वेची संशोधन आणि मानके ठरवणारी लखनौची ती संस्था त्या वर्षीची. बनवणाऱ्याची खूण अनेकदा दोन-तीन अक्षरांचीच असते, कोपऱ्यात दडलेली. रुळांशेजारी पडलेला तुकडा मात्र उचलून आणू नका. रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगणं हा १९६६ च्या कायद्याने गुन्हा आहे.

पुढे कागद. जुनं बिल किंवा लेटरहेड मिळालं तर पत्ता नीट वाचा. ‘४००६०४’ असा पिनकोड छापलेला असेल, तर कागद १५ ऑगस्ट १९७२ च्या आधीचा नाही, कारण पिनकोडच त्या दिवशी सुरू झाले. पत्त्यात एमआयडीसी, म्हणजे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, असेल तर १९६२ नंतरचा.

नाव हाती आलं की कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या (एमसीए) पोर्टलवर शोधा. कंपनीच्या २१ अक्षरी क्रमांकात राज्याच्या दोन अक्षरांनंतरचे चार आकडे म्हणजे नोंदणीचं वर्ष. नाव सापडलं नाही म्हणून थांबू नका. भागीदारीतला धंदा तिथे दिसत नाही, त्यासाठी रजिस्ट्रार ऑफ फर्म्सकडे जावं लागतं. कंपनी कोर्टामार्फत गुंडाळली गेली असेल तर मुंबई उच्च न्यायालयाशी संलग्न ऑफिशियल लिक्विडेटरकडे, म्हणजे बंद कंपन्यांचा हिशेब मिटवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, विचारा. जीआयपीच्या काळासाठी मुंबईच्या फोर्टमधलं राज्य पुराभिलेखागार, म्हणजे जुन्या सरकारी कागदांचं दप्तर, बघा.

खरा इतिहास मात्र माणसांकडे असतो. किसननगर, लोकमान्यनगर, सावरकरनगर भागात वागळेतून निवृत्त झालेले टर्नर, फिटर, मोल्डर (ओतकामाचे साचे करणारे) भेटतील. जुन्या चहावाल्याला, युनियनच्या माणसाला विचारा. जाताना तो भाग किंवा त्याचा फोटो सोबत न्या. ‘काका, कंपनीचा इतिहास सांगा’ म्हटलं की माणूस गप्प होतो. ‘काका, तुमचं मशीन कुठल्या कोपऱ्यात होतं? तपासणीला कोण यायचं? नापास माल कुठे टाकायचे?’ असं विचारा, मग बघा. ओळखपत्र, पगाराची स्लिप, ग्रॅच्युइटीचं पत्र घरात असेल तर तिथेच फोटो घ्या, मूळ कागद मागू नका. आवाज रेकॉर्ड करण्याआधी परवानगी घ्या.

पोर्टल पुढच्या वर्षीही असेल, वयाच्या ऐंशीतल्या मोल्डरकाकांना मात्र या रविवारीच गाठा. घरी आलात की त्याच रात्री प्रत्येक फोटोला तारीख, जागा आणि कोणी सांगितलं ते लिहून ठेवा. दोघांचं सांगणं जुळत नसेल तर दोन्ही लिहा.