‘मॅरी’ म्हणजे लग्न नव्हे: जुनं इंग्रजी वाचताना या चुका टाळा

एम.ए.ला असताना ‘विडोज वीड्स’चं भाषांतर मी ‘विधवेच्या परसातलं तण’ असं ठोकून दिलं होतं. सर काही बोलले नाहीत, फक्त ‘तण’भोवती लाल गोल काढला. हा ‘वीड’ तणाचा नव्हेच. तो वेगळा शब्द, अर्थ वस्त्र. शेक्सपिअरच्या ‘ट्वेल्फ्थ नाइट’मध्ये ऑर्सिनो पुरुषवेशातल्या व्हायोलाला म्हणतो, तुला बाईच्या ‘वीड्स’मध्ये पाहू दे. तिथेही कपडेच.

अनोळखी शब्द दिसला की आपण निमूट कोश उघडतो. गोत्यात आणतात ते ओळखीचे. ‘हॅम्लेट’मधला पोलोनियस मुलाला सांगतो, खिशाला झेपेल तेवढं भारी ‘हॅबिट’ असू दे. इथे ‘सवय’ लिहिलंत की उपदेशाचा पार विचका. तो पोशाखाबद्दल बोलतोय. ‘डॉन’ आणि ‘डॉफ’ मात्र सोपे: ‘डू ऑन’, ‘डू ऑफ’. चढवा आणि उतरवा.

सगळ्यात जास्त घोळ शपथांचा. संवादाच्या सुरुवातीला ‘मॅरी,’ आलं की लग्न आठवू नका. ती मेरीमातेची शपथ, झिजून झिजून ‘अहो’, ‘हो तर’ इतकीच उरलेली. ‘झाऊंड्स’ म्हणजे देवाच्या जखमा, ‘स्ब्लड’ म्हणजे देवाचं रक्त. पण मराठीत ‘देवाच्या जखमांची शपथ!’ असं लिहिलंत तर पात्र कीर्तनाला बसल्यासारखं वाटेल. आपल्या ‘च्यायला’त आई कुठे ऐकू येते? तसंच तिथेही. प्रसंग पाहून ‘आयला’ किंवा ‘आईशप्पथ’ घ्या.

‘ऑथेल्लो’च्या एका प्रतीत ‘झाऊंड्स’ आहे, दुसरीत नाही, म्हणून ती छपाईची चूक समजू नका. रंगमंचावर देवाचं नाव टवाळीनं घेतल्यास दहा पौंड दंड, असा कायदा 1606 साली झाला. 1622च्या क्वार्टोत, म्हणजे एकट्या नाटकाच्या छोट्या पुस्तकात, त्या शपथा शाबूत आहेत; 1623च्या फोलिओत, म्हणजे नाटकांच्या मोठ्या एकत्रित ग्रंथात, नाहीत. आणि ‘ब्लडी’ हा ‘बाय अवर लेडी’ या मेरीमातेच्या शपथेचा अपभ्रंश ही गोष्ट कितीही गोड असली, तरी शब्दांचं मूळ शोधणारे ती मानत नाहीत.

‘फॉरस्वेअर’मधला ‘फॉर’ म्हणजे ‘साठी’ नव्हे. हा जुना उपसर्ग बिघाड किंवा अतिरेक दाखवतो. म्हणून ‘फॉरस्वेअर’ म्हणजे खोटी शपथ घेणं, नाहीतर शपथेवर एखादी गोष्ट सोडणं. ‘फॉरस्पेंट’, ‘फॉरवेअरीड’ म्हणजे थकून पार गळाठलेला. जाता जाता: ‘आन्सर’मध्येही ‘स्वेअर’ दडलाय. आरोपाविरुद्ध शपथेवर केलेलं निवेदन, असा त्याचा मूळ अर्थ.

राहता राहिला थकवा. कपडा वापरून झिजतो तसा माणूसही, म्हणून ‘वोर्न आउट’. ते ‘वेअर’चंच. त्यावरून ‘वीअरी’ही त्याच घरातला असं वाटतं, पण दोघांची मुळं जुन्या इंग्रजीतच निरनिराळी. उच्चारही सांभाळा: ‘वीअरी’ म्हणजे थकलेला, ‘वेअरी’ म्हणजे सावध. ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’ची नायिका पोर्शिया पहिल्यांदा रंगमंचावर येते तेव्हा म्हणते, माझा चिमुकला देह या मोठ्या जगाला ‘अवीअरी’ झालाय. तिथे ‘अवेअरी’ म्हटलंत, तर कंटाळलेली पोर्शिया उगाच पहाऱ्याला उभी राहिल्यासारखी वाटेल.