एनआयची पावती जपून ठेवा: यूकेत नवीन आलेल्यांसाठी

माझ्या नॅशनल इन्शुरन्सच्या (एनआय, म्हणजे पगारातून कापली जाणारी सरकारी वर्गणी, जिच्यावर इथलं पेन्शन ठरतं) नोंदीत २००९-१० या वर्षापुढे 'वर्ष पूर्ण नाही' असा शेरा होता आणि मला त्याचा पत्ता लागला आठ वर्षांनी. त्या वर्षी बाराही महिने मी नोकरी केली होती. दर पेस्लिपवर एनआय कापलेला दिसत होता. झालं होतं एवढंच, की त्या छोट्याशा कंपनीत पगार करणाऱ्या कुणीतरी माझ्या नंबरातले दोन आकडे उलटे टाइप केले होते. पैसे गेले, पण माझ्या नावावर चढले नाहीत. लॉफ्टमधल्या खोक्यात त्या वर्षीचा पी६० (वर्षभराचा पगार आणि कापलेली रक्कम दाखवणारा कंपनीचा दाखला) सापडला, त्याची प्रत जोडून एचएमआरसीला (इथल्या करखात्याला) पत्र लिहिलं आणि काही महिन्यांनी ते वर्ष पूर्ण झालं. कंपनी तोवर बंद पडली होती. पी६० नसता तर कुणाच्या दारात जाऊन उभी राहिले असते, देव जाणे.

मंडळाच्या गणपतीत नवीन मंडळी भेटतात तेव्हा घरभाडं, शाळा, आंबेमोहोर कुठे मिळतो, सगळं विचारतात. हे कुणी विचारत नाही. म्हणून लिहितेय.

नंबरापासून सुरुवात करू. दोन अक्षरं, सहा आकडे आणि शेवटी एक अक्षर, असा तुमचा एनआय नंबर असतो. आपल्याकडचा पॅन आणि पीएफचा यूएएन एकत्र केल्यासारखा, आणि तो जन्मभर बदलत नाही. आम्ही आलो तेव्हा जॉबसेंटरमध्ये मुलाखतीला जावं लागायचं. आता अर्ज गव्ह डॉट यूके या सरकारी वेबसाइटवर ऑनलाइन करायचा, तोही फुकट. त्यासाठी पैसे मागणारी वेबसाइट दिसली तर बंद करा. काम करायचा हक्क सिद्ध करता येत असेल आणि अर्ज केलेला असेल, तर नंबर येण्याआधीही नोकरी सुरू करता येते. मात्र नंबर हातात आला त्या दिवशी एचआरला ईमेलने कळवा, तोंडी नको. फोनवर तुटक उच्चारात सांगितलेल्या 'बी'चा 'डी' व्हायला वेळ लागत नाही.

नावाचा घोळ खास आपला आहे. पासपोर्टवर मधलं नाव वडिलांचं, लग्नानंतर नवऱ्याचं, आडनावही बदललेलं. आणि इथल्या पगारखात्याला फक्त फर्स्ट नेम आणि सरनेम कळतं. मग बँकेत एक नाव, पेस्लिपवर दुसरं, एचएमआरसीकडे तिसरं. पासपोर्टवर जसं आहे तसंच नाव, त्याच स्पेलिंगने, सगळीकडे द्या. लग्नानंतर नाव बदललंत तर एचएमआरसीलाही कळवा. पत्ता बदलला की तेही लगेच, कारण जुन्या भाड्याच्या घरी गेलेलं त्यांचं पत्र नवा भाडेकरू उघडून ठेवणार नाही.

आता मूळ मुद्दा. पीएफसारखं इथे तुमच्या नावाने पैसे साठत नाहीत. एनआय ही गणपतीच्या वर्गणीसारखी आहे: जमा झालेले पैसे आजच्या पेन्शनवाल्यांवर खर्च होतात, तुमच्या हातात राहते ती पावती. पावती म्हणजे 'क्वालिफाइंग इयर'. अशी किमान १० वर्षं भरली तर सरकारी पेन्शनचा हक्क मिळतो आणि ३५ भरली तर पूर्ण मिळते. २०२५-२६ मध्ये पूर्ण पेन्शन आठवड्याला २३०.२५ पौंड होती. नऊ वर्षं भरून भारतात परत गेलात तर हातात शून्य, आणि भरलेले पैसे परतही मिळत नाहीत.

एक वर्ष 'भरलं' कधी म्हणायचं, हे नीट समजून घ्या. २०२५-२६ साठी त्या वर्षातली कमाई किमान ६,५०० पौंड लागत होती. पूर्ण पगाराची नोकरी असेल तर तीन-चार महिन्यांतही तेवढी होते. म्हणजे डिसेंबरात आलात तरी ५ एप्रिलपर्यंत ते वर्ष पदरात पडू शकतं. (हो, इथलं आर्थिक वर्ष ६ एप्रिलला सुरू होतं. १७५२ साली इंग्लंडने कॅलेंडर बदलताना ११ दिवस गाळले, त्याचं हे शेपूट.) उलट विद्यार्थ्यांची गंमत बघा. एका दुकानात आठवड्याला १०० पौंड आणि एका हॉटेलात १०० पौंड, असं वर्षभर काम केलं तर बेरीज दहा हजारांवर जाते, पण वर्ष मोजलं जात नाही. कारण कमाईची खालची मर्यादा (२०२५-२६ मध्ये आठवड्याला १२५ पौंड) प्रत्येक नोकरीला वेगळी लावतात. एकाच ठिकाणी जास्त तास मिळत असतील तर तेच घ्या.

पुण्याहून ऑनसाइट आलेल्यांसाठी आणखी एक खाच. भारतातल्या कंपनीने तात्पुरतं पाठवलेलं असेल आणि पगार तिथूनच असेल, तर पहिले ५२ आठवडे एनआय लागू होत नाही असा जुना नियम आहे. पेस्लिपवर एनआय शून्य बघून माझा एक मित्र वर्षभर खूश होता. ते वर्ष त्याच्या नोंदीत रिकामं आहे. २०२५ साली व्यापार कराराबरोबर भारत आणि ब्रिटनमध्ये दुहेरी वर्गणी टाळण्याचाही करार ठरला. त्यात तात्पुरते पाठवलेले लोक वर्गणी आपल्याच देशात भरत राहतात. हातात पैसे जास्त येतील, पण इथली वर्षं भरणार नाहीत, हे लक्षात ठेवून हिशोब करा.

हे सगळं बघायचं कुठे? एचएमआरसीचं अ‍ॅप डाउनलोड करा. पासपोर्ट आणि पेस्लिप जवळ असली की खातं उघडायला अर्धा तास पुरतो. आत तुमचा टॅक्स कोड, दर महिन्याला कंपनीने कळवलेला पगार, एनआयची वर्षं आणि पेन्शनचा अंदाज, सगळं असतं. नवीन नोकरीत पहिले तीन महिने पेस्लिप आणि अ‍ॅप शेजारी ठेवून आकडे जुळवा. पेस्लिपवर कापलेलं आणि अ‍ॅपमध्ये न दिसणारं, म्हणजे गडबड. अम्ब्रेला कंपनीमार्फत (काँट्रॅक्टवाल्यांचा पगार करणारी मधली कंपनी) काँट्रॅक्ट करणाऱ्यांनी तर हे दर महिन्याला करावं. टॅक्स कोडवरून किती कर कापायचा ते कंपनीला कळतं. नेहमीच्या माणसाचा कोड १२५७एल असतो, कारण १२,५७० पौंडांपर्यंत आयकर नाही. कोडच्या शेवटी डब्ल्यू१, एम१ किंवा एक्स लागलं असेल तर तो इमर्जन्सी (तात्पुरता) कोड, आणि बीआर असेल तर पहिल्या पौंडापासून २० टक्के कापले जातायत. वर्षाअखेर जादा कापलेलं परत मिळतं, त्यासाठी टक्केवारी घेणाऱ्या एजंटची गरज नाही.

कागदांत दोनच जिवाभावाचे. पी६०, आपल्याकडचा फॉर्म १६ समजा. कंपनीने तो ३१ मेपर्यंत द्यायचा असतो. आणि नोकरी सोडताना मिळणारा, तोवरचा पगार आणि कर दाखवणारा पी४५. ते कंपनीच्या पोर्टलवर आहेत म्हणून निवांत राहू नका. राजीनामा दिला की लॉगिन बंद होतं. मिळाल्या दिवशी पीडीएफ उतरवून स्वतःच्या ईमेलवर टाका.

आयएलआरशीही (इथे कायम राहण्याच्या परवान्याशी) याचा संबंध आहे. २०१८ च्या सुमारास टियर १ जनरल (कुशल लोकांसाठीच्या जुन्या) व्हिसावरच्या कितीतरी लोकांचे आयएलआरचे अर्ज फेटाळले गेले, कारण होम ऑफिसला (व्हिसा देणाऱ्या खात्याला) सांगितलेलं उत्पन्न आणि टॅक्स रिटर्नमधलं उत्पन्न जुळत नव्हतं. त्यात भारतीय बरेच होते. काहींनी खरंच लबाडी केली होती, काहींच्या अकाउंटंटने चूक केली होती, पण ठपका सगळ्यांवर सारखाच आला. २०१९ मध्ये अपील कोर्टाने सांगितलं, की अप्रामाणिक ठरवण्याआधी माणसाला खुलासा करायची संधी द्यायला हवी. तोवर कित्येकांची वर्षं वाया गेली होती. तेव्हा रिटर्न अकाउंटंटने भरलं तरी सही करण्याआधी स्वतः वाचा. भारतातल्या एफडीचं व्याज आणि फ्लॅटचं भाडं यांचाही विचार त्यात यावा लागतो. परदेशातल्या अशा उत्पन्नावर इथल्या पहिल्या चार वर्षांसाठी एप्रिल २०२५ पासून वेगळी सवलत आहे, पण ती आपोआप मिळत नाही, मागावी लागते, आणि मागितली की त्या वर्षी १२,५७० ची सूट जाते.

डिपेंडंट व्हिसावर आलेल्या मैत्रिणींनो, तुम्हाला कुणीतरी हमखास सांगेल, 'मुलासाठी चाइल्ड बेनिफिट घे, एनआयची वर्षं फुकट मिळतात.' चाइल्ड बेनिफिट म्हणजे मुलासाठीचा सरकारी भत्ता. बारा वर्षांखालच्या मुलासाठी तसं क्रेडिट (वर्गणी न भरता नोंदीत चढणारं वर्ष) मिळतं, हे खरं. पण व्हिसावर 'नो रीकोर्स टू पब्लिक फंड्स' (सरकारी मदत घेता येणार नाही) लिहिलेलं असेल तर तो अर्ज म्हणजे व्हिसाच्या अटीचा भंग. आयएलआर मिळेपर्यंत थांबा. मिळाल्यावर मात्र, नवऱ्याचा पगार भरपूर असला तरी, घरी असलेल्या आईच्या नावाने अर्ज करा. पैसे नको असतील तर नको म्हणता येतं, क्रेडिट तरीही चढतं.

नोंदीत रिकामं वर्ष दिसलं म्हणून लगेच पैसे भरायला धावू नका. स्वेच्छेने भरायची क्लास ३ वर्गणी २०२५-२६ मध्ये आठवड्याला १७.७५ पौंड होती, म्हणजे वर्षाचे ९२३. त्याने पेन्शन त्या दराने वर्षाला साधारण ३४२ पौंडांनी वाढत होती, तेव्हा सौदा वाईट नाही. पण पंचविशीत आलेल्याची ३५ वर्षं तशीही भरणार. त्याला एखादं वर्ष कमी पडलं तर काही बिघडत नाही. चाळिसाव्या वर्षी आलेल्याला पेन्शनच्या वयापर्यंत, म्हणजे ६८ पर्यंत, जेमतेम २८ मिळतात, त्याने प्रत्येक वर्ष मोजावं. सहसा मागची सहाच वर्षं भरता येतात. आणि ६ एप्रिल २०२६ पासून परदेशात राहून भरण्याचे नियम कडक आहेत: क्लास २ नावाची स्वस्तातली वर्गणी बंद, आणि आधी इथे दहा वर्षं राहिलेलं किंवा वर्गणी भरलेली असण्याची अट.

परत जायचं ठरलं तर दोन गोष्टी. पेन्शन भारतातही मिळते, पण ज्या रकमेला सुरू झाली तिथेच गोठते. इथल्यासारखी दरवर्षी वाढत नाही. आणि ती आपणहून येत नाही, अर्ज करावा लागतो, तोही कदाचित तीस वर्षांनी. एनआय नंबराचं पत्र आणि सगळे पी६० एका फाइलीत घाला, आणि ती फाइल कार्गोच्या खोक्यांत नको, हातातल्या बॅगेत.