चावरा कॉकटिएल हातावर कसा आला

सांगलीत विश्रामबागेतल्या एका घरातून कॉकटिएल, म्हणजे डोक्यावर तुरा असलेला छोटा पोपट, आणला. (देशी पोपट पाळायला १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे, म्हणून हा ऑस्ट्रेलियाचा पाहुणा.) हात पुढे केला की फिस्स करायचा, चावायचा. मला वाटलं, खोडसाळच आहे. पण तुरा डोक्याला चपटा चिकटलाय म्हणजे तो घाबरलाय, हे मलाच कळत नव्हतं. पिंजरा हॉलच्या मधोमध, वर पंखा गरगरतोय! मग पिंजरा कोपऱ्यात भिंतीला लावला. आठवडाभर हात आत घातलाच नाही. शेजारी बसून मोठ्याने पेपर वाचायचो. मग जाळीतून राळ्याचं कणीस धरलं. तुरा चपटा दिसला की मागे सरायचं, एवढंच पाळलं. १२ व्या दिवशी त्याने तळहातावरचे राळे टिपले. आईचा हात मात्र अजून चालत नाही. बांगड्या वाजतात ना.