बॅग द्या इकडे: मुंबईत अनोळखी माणसाच्या कामी यायची रीत

मुंबईत मदत करायची तर आधी हळहळ आवरा. गर्दीत लोंबकळणाऱ्या बाईला ‘अगबाई, केवढं ओझं हो तुमच्याकडे’ म्हणून काही होत नाही. हात पुढे करा आणि ‘बॅग द्या इकडे’ म्हणा, बस्स. मी डोंबिवली ते फोर्ट जाणारी, लोकलच्या लेडीज डब्यातली. आमच्याकडे कोणी कोणाचं नाव विचारत नाही, पण अडलेलीला हात मिळतो.

बॅग घेतली की ‘कुठे उतरणार?’ एवढं मात्र विचारून ठेवा. ती भायखळ्याची आणि तुम्ही दादरच्या असाल, तर उठताना शेजारणीला सांगा, ‘वरची निळी बॅग त्या हिरव्या ड्रेसवालीची.’ न सांगता उतरलात, तर तिच्या स्टेशनला बॅग शोधताना डबाभर गोंधळ. बसायला मिळालं असेल आणि समोरची फारच थकलेली दिसली, तर ठाण्यापर्यंत तुम्ही बसा, पुढे तिला बसवा. पूर्ण सीट सोडायचा मोठेपणा डोंबिवलीच्या बाईकडून कोणी मागत नाही. (मला ‘आंटी’ म्हणालात तरी बॅग घेईन. ‘ताई’ म्हणालात तर लवकर घेईन.)

कोणाला चक्कर आली तर तिला खिडकीकडे सरकवा, ओढणी सैल करा, बाकीच्यांना मागे रेटा. पूर्ण शुद्धीत असेल तरच पाणी आणि ग्लुकोजचं बिस्कीट. पर्समधली गोळी देऊ नका, तुमचं औषध तुमच्यासाठी. दोन स्टेशनांच्या मध्ये साखळी ओढली तर गाडी रुळांवरच उभी राहते आणि डॉक्टर आणखी लांब पडतो. त्यापेक्षा रेल्वेच्या हेल्पलाइनला, 139 ला फोन लावा आणि पुढच्या स्टेशनला एकीनं तिच्याबरोबर उतरा. एकीनंच. पाचजणी उतरल्या की प्लॅटफॉर्मवर पाच मतं होतात.

दादरला हातात एक्स-रेचं मोठं पाकीट आणि खांद्याला कपड्यांची पिशवी घेतलेली माणसं दिसतात. बहुतेकांचा प्रश्न एकच असतो: ‘टाटाला कसं जायचं?’ म्हणजे परळच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलला. इथे नीट थांबून सांगा, कारण चुकीचा पत्ता आजारी माणसाला चालायला लागतो. सेंट्रलवरून जायचं तर सीएसएमटीकडे जाणारी स्लो गाडी, पुढचंच स्टेशन परळ. वेस्टर्नवरून चर्चगेटकडची स्लो, पुढचं स्टेशन प्रभादेवी. गावाकडच्या एखाद्या आजोबांनी जुन्या चिठ्ठीवर ‘एल्फिन्स्टन’ लिहून आणलं असेल, तर तेच हे. नाव 2018 मध्ये बदललं. प्लॅटफॉर्मचा नंबर जुन्या सवयीनं सांगू नका. डिसेंबर 2023 पासून दादरला सेंट्रलचे प्लॅटफॉर्म 8 ते 14 झालेत. तुमची गाडी येईपर्यंत वेळ असेल तर इंडिकेटरपर्यंत सोबत जा. राहायची सोय विचारली तर दादर पूर्वेला गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे, कॅन्सरच्या पेशंटांसाठी, तिचं नाव कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्या. तोंडी सांगितलेलं जिना उतरेपर्यंत विसरतं.

न दिसणाऱ्या माणसाचा हात धरून ओढू नका. ‘जिन्यापर्यंत येऊ का?’ विचारा आणि आपलं कोपर पुढे करा, ते धरतील.

बेस्टच्या बसमध्ये कोणाकडे सुटे नाहीत आणि नेटवर्कही नाही, तर तिकीट काढून टाका. साधं भाडं 10 रुपयांपासून सुरू होतं, त्यासाठी ‘जीपे करा’ म्हणून नंबर देत बसू नका. देणारा आग्रह करत असेल तर मात्र घ्या. कोणाचा मान दहा रुपयांत अडकवू नये.

पर्समध्ये दोन-चार सेफ्टी पिना आणि एक सॅनिटरी पॅड ठेवा. तुटलेला चपलेचा पट्टा, निसटलेल्या निऱ्या, ऐनवेळची अडचण, सगळ्यावर हा दवाखाना पुरतो. पॅड देताना आवाज खाली, पिन देताना कसाही चालेल.

पावसाचं वेगळं. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पडला, तेव्हा अनोळखी लोकांनी हाताला हात धरून साखळ्या केल्या. त्याहून छोटं काम दरवर्षी करता येतं. तुंबलेल्या रस्त्यात पाण्यातून वर आलेली झाडाची फांदी दिसली तर उपटू नका. उघड्या मॅनहोलची खूण म्हणून ती कोणीतरी खोचलेली असते. तिथे उभं राहून येणाऱ्यांना हाताने बाजूला वळवा आणि महापालिकेच्या 1916 ला कळवा. पाणी जावं म्हणून स्वतः झाकण उघडणाऱ्या उत्साही दादांना तिथेच अडवा.

रस्त्यावर अपघात झाला तर ॲम्ब्युलन्ससाठी 108. पोलिसांच्या भीतीने मागे सरू नका. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात मदत करणाऱ्याला संरक्षण आहे, स्वतःचं नाव सांगायची सक्ती नाही.

आणि तुम्हाला कोणी मदत केली तर? घ्या. ‘नको नको, मी बघते’ असं तीनदा म्हणण्यात दोघींची गाडी जाते. थँक्यू म्हणा, पैसे पुढे करू नका, नंबर मागू नका. तुम्ही विचारलंत आणि समोरचा ‘नको’ म्हणाला, तर एकदाच ‘नक्की?’ विचारा आणि बाजूला व्हा. दाराशी उभ्या असाल तर आधी आत सरका, मागच्यांना चढायचंय.