रेल्वे-फोटोंना मतं द्यायची, पण गुपचूप
आमच्या रत्नागिरीच्या रेल्वेवेड्यांत पूर्वी हात वर करून मतदान व्हायचं. एकदा मामांच्या फोटोला मी हात वर केला नाही, तर त्या गणपतीत ते आरतीला फिरकले नाहीत. तेव्हापासून चिठ्ठ्या.

सगळे फोटो एकाच मापाचे छापा, मागे फक्त नंबर. नावांची वही फोटो न दिलेल्या माणसाकडे. आमच्याकडे ती बायको सांभाळते. तिला गाड्यांत काडीचा रस नाही. कोपऱ्यातल्या सह्या आधीच कापायला लावा.

तरी फोटो ओळखू येतातच. पानवलचा ६४ मीटर उंच पूल भर पावसात त्या एकाच दगडावरून टिपणारा माणूस आमच्यात एकच, हे शेंबडं पोरही सांगेल. म्हणून फोटो कोणाचा यापेक्षा मत कोणाचं, ते झाका.

चिठ्ठीवर नंबर छापलेलेच हवेत, नुसती फुली मारायची. हाताने आकडे लिहायला लावलेत तर अक्षरावरून पकडतात. चिठ्ठी देताना हजेरीत खूण करा, चिठ्ठीवर नको. पेटी म्हणून फरसाणाचा डबा, झाकणाला चीर पाडून.

स्वतःला मत देऊ नका म्हणून सांगून उपयोग नाही, गुप्त मतदानात ते कळणार कसं? प्रत्येकाला तीन फुल्या सक्तीच्या करा. एक स्वतःला गेली, तरी दोन दुसऱ्यांना पडतात. तीनपेक्षा कमी-जास्त असतील तर चिठ्ठी बाद.

मोजणी सगळ्यांदेखत, मोठ्याने. आणि मांडवी एक्सप्रेस यायच्या आत उरका, नाहीतर अर्धी मंडळी कॅमेरे घेऊन फलाटावर पळतात.